हातात १७ हजारच उरत असतील तर मुलासाठी नोकरी सोडावी का?

तुम्ही लिहून पाठवलेला हिशेब असा आहे: पगार हातात ४५,०००, पाळणाघर, कामाच्या मावशी आणि जाणंयेणं मिळून २८,००० जातात, उरतात १७,०००. मिस्टरांचा पगार ९०,०००, घराचा हप्ता ते भरतात. तुमच्या कायम नोकरीला सव्वाचार वर्षं झालीत आणि घरचे म्हणतात, "एवढ्याशा पैशांसाठी कशाला दगदग?"

हे २८,००० एकट्या तुमच्या पगारातून वजा का केलेत? मूल दोघांचं, पाळणाघरामुळे कामावर जाता येतं तेही दोघांना. घरात १,३५,००० येतात, त्यातून वजा करा. मी पगारपत्रकांचं काम करते. राजीनाम्याचा कागद घेऊन आलेल्या बायकांच्या तोंडून हेच गणित इतक्यांदा ऐकलंय, आणि नात्यातही यावरून इतकं वाजलंय, की आता गोड शब्दांत लिहायचा उत्साह उरलेला नाही.

बरं, घटकाभर तुमचंच गणित धरू. तेही चुकतंय, कारण तुम्ही फक्त हातात पडणारा पैसा मोजलाय. सॅलरी स्लिप काढा. मूळ पगार २५,००० आहे असं समजू. त्याचे १२ टक्के, म्हणजे ३,००० तुमचे पीएफला जातात. कंपनीही ३,००० घालते. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत आणि १,७५० तुमच्या पीएफमध्ये. म्हणजे पीएफ खात्यात महिन्याला ४,७५०. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, दर वर्षाला १५ दिवसांच्या मूळ पगाराएवढी, महिना २६ दिवसांचा धरून: २५,००० × १५ ÷ २६ = १४,४२३. महिन्याला १,२०० झाले. पेन्शनचे १,२५० धरून १७,००० चे असे २४,००० च्या वर गेले, आणि ही वरची रक्कम घरखर्चात विरघळत नाही. २०२४-२५ चा पीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता. त्या दराने नुसते ४,७५० पाच वर्षं साठले तरी साडेतीन लाखांच्या आसपास जातात. पगारवाढ ८ टक्के धरली तर पाच वर्षांनी आजचे ४५,००० हे ६६,००० होतात, आणि मूल शाळेत गेलं की पाळणाघराचा खर्च उतरतो. एका महिन्याच्या शिलकेवरून नोकरीची किंमत काढणाऱ्यांना हे दिसत नाही.

"मी जादा कमवून भरून काढीन" असं मिस्टर म्हणत असतील तर कराचं बघा. आपल्याकडे नवरा-बायकोचा कर वेगवेगळा मोजतात. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला १२,७५,००० पर्यंत कर बसत नाही. तुमचा सगळा पगार त्या रेषेच्या आत आहे. त्यांचा रेषेच्या जवळ असणार, म्हणजे त्यांच्या वाढीव रुपयाला कात्री लागेल, तुमच्या रुपयाला लागत नाही.

आता सव्वाचार वर्षांचं. सोडायचीच असेल तर आणखी नऊ महिने काढा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी पाच वर्षांना बसते. तुमची ७२,००० च्या घरात होईल. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा यात धरली जाते. लांब बिनपगारी रजेने मात्र हिशेब बिघडू शकतो, म्हणून एचआरकडून लेखी घ्या. पीएफलाही पाच वर्षांचीच रेघ आहे: त्याआधी काढला तर तो करपात्र. आधीच्या कंपनीचा पीएफ या खात्यात वळवलेला असेल तर तीही वर्षं मोजतात.

त्याआधी एक विचारून घ्या. कंपनीत ५० किंवा जास्त माणसं असतील तर २०१७ च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय देणं बंधनकारक आहे, आणि दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं. कोणी मागतच नाही, म्हणून कित्येक ठिकाणी ती सोय कागदावरच राहते. मेलवर मागा.

राजीनामा दिल्यावर सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा. यूएएनवर (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकावर) माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. पीएफचा क्लेम परत येतो. दुरुस्तीला अजूनही अनेक खात्यांत कंपनीची मंजुरी लागते, आणि सोडून गेलेल्या माणसासाठी कोणी धावत नाही. म्हणून नोटीस पिरियड सुरू व्हायच्या आधी नाव, जन्मतारीख आणि बँक खातं जुळवून घ्या. पीएफच्या पोर्टलवर 'डेट ऑफ एक्झिट', म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, पडली का, तेही बघा. कंपनीने टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतः टाकता येते. आणि पीएफ काढू नका. नोकरी सुटल्यावरही व्याज चालू राहतं (त्यावर कर लागतो, लागू दे). पेन्शनचा भाग दहा सी फॉर्म भरून काढलात तर तेवढी वर्षं पुसली जातात. पेन्शन बसायला दहा वर्षं लागतात.

आरोग्य विमा नोकरीत असतानाच स्वतंत्र घ्या. कंपनीचा नोकरीबरोबर जातो, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तुमचा टर्म विमाही (मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) आत्ताच घ्या. गृहिणीला किती रकमेचा द्यायचा, हे कंपन्या नवऱ्याच्या उत्पन्नावरून आणि विम्यावरून ठरवतात. मिस्टरांचा घेताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यायचा. प्रस्ताव भरतानाच तशी नोंद करावी लागते. मग ती रक्कम तुमची आणि मुलाची, त्यांना कर्ज दिलेल्यांना तिला हात लावता येत नाही.

सोडल्यावर घरखर्चाचे पैसे "लागतील तसे माग" ही पद्धत मला मान्य नाही. पगाराच्या दिवशी ठरलेली रक्कम तुमच्या खात्यात आपोआप यायला हवी. त्यात घरखर्च वेगळा, आणि बुडालेल्या पीएफ-पेन्शनच्या बदल्यात किमान ६,००० तुमच्या पीपीएफला, ५ तारखेच्या आत, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या पैशावर मिळत नाही. पीपीएफच का? नवऱ्याने दिलेल्या पैशाची एफडी केली तर व्याज त्याच्या उत्पन्नात धरतात. पीपीएफचं व्याज करमुक्त आहे. वर्षाला मर्यादा दीड लाखाची.

मूल सारखं आजारी असेल, पाळणाघरावर भरवसा नसेल, किंवा तुम्हालाच घरी राहावंसं वाटत असेल, तर सोडा. त्यात कमीपणा नाही, आणि वरचं गणित त्यापुढे गौण आहे. फक्त "पैसे उरत नाहीत" हे कारण देऊ नका.

आणि ज्यावरून आमच्याकडे खरे वाद होतात ते हे. तुमच्यासारख्या घरांत बायकोच्या पगारातून पाळणाघर, मावशी आणि किराणा जातो, नवऱ्याच्या पगारातून घराचा हप्ता. दोघंही खर्च करतात, पण वर्षाअखेरीला त्याच्या नावावर भिंती चढलेल्या असतात आणि तिच्याकडे पावत्यासुद्धा नसतात. मग तिला सांगतात, तुझ्या पगाराचं उरतं काय. तुम्ही कर्जात सहकर्जदार असाल तर नोकरी सोडली तरी जबाबदारी सुटत नाही, बँक तुम्हालाही धरते. पण सहकर्जदार म्हणजे मालक नव्हे. घराच्या इंडेक्स टू वर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, तुमचं नाव आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आधी तो कागद काढून बघा.