वाचकांचे प्रश्न : नदीकाठच्या मळ्यावर उद्यान

प्रश्न : गोदावरीकाठची पाच एकरांची जुनी द्राक्षबाग आमच्या भागाला उद्यानासाठी मिळते आहे. मंडळातल्या लोकांना हिरवळ, जॉगिंग ट्रॅक आणि कारंजे हवे आहे. आराखडा कुठून सुरू करावा?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : कारंज्याचं नंतर बघू. आधी गटाच्या नकाशावर दोन्ही पूररेषा आखून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शहर पूर मोजतं नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पण २००८ आणि २०१९ चं पाणी तुमच्या गटात कुठवर चढलं, हे शेजारचा मळेकरी विहिरीच्या कठड्यावर बोट ठेवून सांगेल. निळ्या रेषेच्या आत स्वच्छतागृह, खेळणी, विजेची पेटी काहीच नको. तारेच्या जाळीचं कुंपणही नको. पाणवेली आणि प्लास्टिक अडकून तिची भिंत होते आणि खांबांसकट उपटते.

दुसरी गोष्ट माती. द्राक्षबागेवर वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मारलेलं असतं. त्यातल्या मोरचुदाचं तांबं पाण्याबरोबर फारसं खाली उतरत नाही, वरच्या वीतभर थरात साठतं. प्रमाण वाढलं की गांडुळं कमी होतात, रोपांची मुळं खुंटतात. नागमोडी चालत १०-१२ ठिकाणांहून १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र करून अर्धा किलो ठेवा. खुरपं लाकडी किंवा प्लास्टिकचं असावं. गंजक्या लोखंडाने सूक्ष्म अन्नद्रव्यांचे आकडे चुकतात. प्रयोगशाळेत तांबं तपासा असं मुद्दाम सांगा, नाहीतर नत्र-स्फुरद-पालाशाचा कागद हातात येईल. तांबं जास्त निघालं तर ती माती उकरून इकडेतिकडे पसरू नका. शेणखत भरपूर घाला, आणि मुलं खेळतील तिथे वरून ३० सेंटिमीटर चांगली माती टाका.

हिरवळीचा हिशेब मंडळापुढे मांडा. एप्रिल-मेमध्ये चौरस मीटरला रोज सुमारे ५ लिटर पाणी धरलं, तर एकरभर हिरवळीला २०,००० लिटर, म्हणजे दहा हजारी दोन टँकर रोज. बसायला-लोळायला पाच-सहा गुंठे पुरेत, तेही हरळीचे. जिच्यामागे शेतकऱ्याचा जन्म खुरपण्यात गेला ती हरळी पायदळी टिकते आणि पुराखालूनही पुन्हा फुटते. बाकी जागी मारवेल गवत वाढू द्या, दिवाळीनंतर कापा.

ट्रॅक जुन्या बांधांवरूनच न्या. काळ्या मातीवर थेट पेव्हर बसवले की पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन वर्षांत ब्लॉक वरखाली होतात. ४५ सेंटिमीटर काळी माती काढून १५-१५ सेंटिमीटरच्या थरांनी मुरूम भरा, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबा. कडेला उंच दगड लावू नका. पूर ओसरताना चिखल त्याच्या आत अडकतो.

पाण्याला लागून वाळुंज (फांद्या खोचल्या तरी जगतात), शेरणीची झुडपं आणि दर १५ सेंटिमीटरवर एक रोप अशा वाळ्याच्या ओळी. जरा वर करंज, उंबर, अर्जुन, जांभूळ. गुलमोहर इथे नको, वाऱ्यात फांद्या पडतात. एक चूक हमखास होते : ‘वृक्षारोपण सप्ताहा’त जूनमध्ये निळ्या रेषेच्या आत लावलेली रोपं गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की वाहून जातात. तिथे सप्टेंबरअखेर लावा, दोन उन्हाळे ठिबकवर जगवा, आणि मेअखेर नळ्या गुंडाळून वर ठेवा.

प्रश्न : त्याच गटातली विहीर बुजवावी का? आणि द्राक्षांच्या मांडवाचे लोखंडी अँगल-तारा भंगारात द्याव्यात का?

उत्तर : दोन्ही नको. विहिरीचा गाळ काढा, कठडा कमरेइतका उंच करा, वर कुलपाची लोखंडी जाळी बसवा. ठिबकला पाणी तिथूनच मिळेल. पावसाचं वाहतं पाणी मात्र गाळणखड्ड्याशिवाय आत सोडू नका. अँगलचा पूररेषेच्या वर वेलींचा मांडव करा. तारांची टोकं आधी वाकवून घ्या.