छातीचा सीटी: मशीन कोणतं, यापेक्षा प्रश्न कोणता?

१२८ स्लाइसच्या मशीनवरच करावा का? (जुळे सोलापूर)

नाही. फुप्फुसांसाठी नीट राखलेलं १६ स्लाइसचं, म्हणजे एका फेरीत १६ काप टिपणारं, मशीनही पुरतं. फलकावरचा मोठा आकडा हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहताना कामाचा.

वीस वर्षं यंत्रमागावर आहे, कोरडा खोकला आहे. डॉक्टरांनी एचआरसीटी लिहिलाय. सेंटरवाले म्हणतात, ‘कॉन्ट्रास्टही करून घ्या.’ (विडी घरकुल)

एचआरसीटी म्हणजे फुप्फुसाचा बारीक कापांचा सीटी. त्यात फुप्फुसाची जाळी, म्हणजे हवेच्या पिशव्यांभोवतीचा नाजूक भाग, पाहायला कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून द्यायचं औषध) लागत नाही. लागते १ मिमीच्या आसपासची स्लाइस आणि पूर्ण भरून धरलेला श्वास. श्वास अर्धवट राहिला तर निरोगी फुप्फुसही धुरकट दिसतं, आणि रिपोर्टात नसलेला आजार उतरतो. टेबलावर जाण्याआधी दोन-तीनदा सराव मागा. पाठीकडचा भाग धुरकट वाटला तर पालथं झोपवून, आणि बारीक श्वासनलिकांची शंका असेल तर श्वास सोडून, थोड्या स्लाइस घेतात. डॉक्टरांनी मुद्दाम कॉन्ट्रास्ट लिहिला असेल तर कारण त्यांनाच विचारा.

वडिलांच्या फुप्फुसात ६ मिमीची गाठ सापडली. ‘तीन महिन्यांनी पुन्हा सीटी’ असं कुणी सांगितलं. शेजारी म्हणतात, सीटीनेच कॅन्सर होतो. (बार्शी)

शेजाऱ्यांना बाजूला ठेवा. पण ‘पुन्हा सीटी’ एवढंच लिहिलेली चिठ्ठीही मला चालत नाही. एकटी, घट्ट (आतून पूर्ण भरीव), सहज सापडलेली ६ ते ८ मिमीची गाठ असेल, तर फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या इमेजिंग तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शनानुसार पुढचा सीटी ६ ते १२ महिन्यांनी. अर्धवट घट्ट (काही भाग भरीव, काही धुरकट) असेल तर ३ ते ६ महिन्यांनी. आधी कॅन्सर झाला असेल तर हा हिशोब लागू नाही. मुदत छातीरोगतज्ज्ञांनी ठरवावी.

चिठ्ठीवर ‘लो डोस, कॉन्ट्रास्टविना, गाठीचा पाठपुरावा’ असं लिहून घ्या. नेहमीच्या छातीच्या सीटीत साधारण ५ ते ७ मिलीसिव्हर्ट किरणोत्सर्ग जातो, लो डोसमध्ये दीडच्या आसपास. त्यासाठी तंत्रज्ञ एक्स-रे ट्यूबचा करंट उतरवतो. सडपातळ माणसाला ट्यूबचं व्होल्टेजही १२० ऐवजी १०० केव्ही पुरतं. रुग्ण गॅन्ट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) बरोबर मध्यावर हवा, नाहीतर मशीनचा आपोआप डोसचा अंदाज चुकतो. मागच्या वेळी १ मिमी आणि आता ५ मिमी स्लाइस असेल तर तुलना फुकट: जाड स्लाइसमध्ये छोटी गाठ आजूबाजूच्या हवेत मिसळून फिकी पडते. म्हणून जुनी सीडी न्या. नुसती फिल्म नको.

आईचा पाय सुजलाय, कालपासून अचानक धाप लागते. सीटी अँजिओ उद्या केला तर? (मंगळवेढा)

पत्र कसलं लिहिता? पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असू शकते. आत्ता इमर्जन्सीत न्या, सीटी अँजिओ (कॉन्ट्रास्ट देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी) तिथले डॉक्टर ठरवतील. त्यासाठी कोपराजवळ १८ किंवा २० गेजची, म्हणजे जाडसर, सुई लागते. कॉन्ट्रास्ट सेकंदाला ४-५ मिली वेगाने जातो. एचआरसीटीसारखा खोल श्वास मात्र इथे नको. त्याने पोटाकडून कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त हृदयात ओढलं जातं आणि गुठळी आहे की नाही तेच कळेनासं होतं.

उपाशीपोटी जायचं का? (पंढरपूर)

साध्या सीटीला नाही. कॉन्ट्रास्ट असेल तर सेंटरला विचारा. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर तेही आधीच फोनवर सांगा.