भटकंती सवाल-जवाब : वाईत तीन दिवस करायचं काय?

प्रश्न : आम्ही जुळे सोलापूरला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत सहा जण निघणार आहोत, आम्ही दोघं, दोन पोरं, सासूबाई आणि नणंद. सगळे म्हणतात महाबळेश्वरला जावा, पण मागच्या वेळी गेलो तेव्हा निम्मा दिवस पार्किंग शोधण्यात आणि निम्मा पॉइंटवर रांगेत गेला. यावेळी डोंगर पाहिजे, नदी पाहिजे, यांना किल्ला पाहिजे, सासूबाईंचे गुडघे दुखतात पण देवळं त्यांना पाहिजेतच. कुणीतरी वाईचं नाव सुचवलं. तीन मुक्काम करायचेत, स्वतःची गाडी आहे. पण वाईत तीन दिवस करायचं काय? (एक शिक्षिका वाचक)

उत्तर : ताई, वाईचं नाव ज्यानं कुणी सुचवलं त्याला आधी चहा पाजा. महाबळेश्वरला जाणारे बहुतेक लोक कृष्णेचं खोरं वरून बघतात, केट्स पॉइंटवर उभं राहायचं, खाली धोम आणि बलकवडीचं पाणी चमकतंय त्याचा फोटो काढायचा, मक्याचं कणीस खायचं आणि पुढच्या पॉइंटला पळायचं. तुम्ही उलटं करा. मुक्काम खाली खोऱ्यात ठेवा, वर एकच दिवस जा. दिवाळीत वरच्या हॉटेलांचे रेट बघून डोळे पांढरे होतात ते वेगळंच, पण खरं कारण पैशाचं नाही, खाली राहिल्यावर सकाळ-संध्याकाळ तुमच्या हातात राहते आणि खोऱ्यात बघण्यासारखं जे आहे ते याच दोन वेळचं आहे.

आधी रस्ता. पुण्यावरून जाऊ नका, हायवे चांगला म्हणून लोक जातात आणि बरेच किलोमीटर जास्तीचे पडतात. पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव, सातारा आणि मग वाई, साधारण अडीचशे किलोमीटरच्या आसपास धरा. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला गोंदवल्यात पोचता, गोंदवलेकर महाराजांच्या समाधीचं दर्शन होतं, प्रसादाचं जेवणही तिथंच होतं, सासूबाई पहिल्याच दिवशी खूश. आणि अजून एक गंमत सांगतो, विजापूरहून निघालेला अफझलखान तुळजापूर, पंढरपूर करत या माणदेशाच्या बाजूनंच वाईला आला असं बखरी सांगतात. म्हणजे यांना किल्ल्याचं वेड असेल तर त्यांनाच पोरांसाठी गाडीत गोष्ट सुरू करायला सांगा, शेवट प्रतापगडावर करायचा.

पहिली संध्याकाळ नुसती वाईच्या घाटावर काढा. काही प्लॅन करू नका. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलं, मूर्ती एका अखंड काळ्या दगडातली, भली थोरली, पण पोरांना मूर्तीपेक्षा देवळाची मागची बाजू दाखवा. मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, कृष्णेला पूर आला की पाणी भिंतीवर सरळ आदळत नाही, दोन्ही अंगांनी कापून निघून जातं. अडीचशे वर्षं देऊळ पाण्याच्या काठावर उभं आहे ते काय उगाच नाही. शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तिथला नंदी बघाच. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून सांगतो, मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं, त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथंच राहिले, ते शिकले ती प्राज्ञपाठशाळा इथलीच. एवढ्याशा गावात एवढी विद्या कशी साठली ते घाटावरचे जुने वाडे बघत फिरलं की थोडं कळतं.

दुसरा दिवस मेणवली आणि धोम. मेणवली वाईपासून अगदी जवळ, तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा आणि वाड्यामागं नदीत उतरणारा घाट. वाडा खाजगी मालकीचा आहे, आत सोडतात का, किती वाजता सोडतात हे आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून विचारून घ्या, दारात जाऊन हुज्जत घालू नका. आत जायला मिळालं तर चौकामागून चौक, लाकडी खांब आणि भिंतींवरची जुनी चित्रं बघायला मिळतात. पण वाडा बंद असला तरी घाट मोकळाच आहे आणि घाटावरच्या छोट्या देवळात जी मोठी घंटा टांगलीय ती चुकवायची नाही. ती देवळासाठी ओतलेली घंटाच नाही ओ! चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक, तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. पोरांना आधी काही सांगू नका, घंटेवर काय दिसतंय ते शोधायला लावा. घाटाला पायऱ्या बऱ्याच आहेत, सासूबाईंना वरच्या टप्प्यावर सावलीला बसवा, तिथून सगळं दिसतं. शूटिंग चालू असेल तर मात्र घाट अडवलेला असतो, पिक्चरवाल्यांचं हे लाडकं गाव आहे, मग सरळ धोमला निघून जायचं आणि परत येताना थांबायचं.

धोमला नरसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ आहे, महादेवासमोरचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसवलाय आणि कुंडात पाणी भरलं की कासव पोहतंय असं वाटतं. इथं पायऱ्यांचा त्रास नाही. देवळापुढं धरणाच्या कडेकडेनं रस्ता बलकवडीकडं, जोर गावाकडं जातो, जसजसं आत जाल तसतसे दोन्ही बाजूचे डोंगर जवळ येतात, भातखाचरं दिसतात, दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी-झोडणी चाललेली असते. माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात भारी तुकडा हाच, आणि इथं तिकीट नाही, पॉइंट नाही, भेळेची गाडीसुद्धा नाही, म्हणून पाणी आणि खायचं बरोबर घ्या. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही एवढं असलं की आपल्या माणसाला हॉटेल लागत नाही. धरणाच्या पाण्यात पोरांना उतरू देऊ नका, काठ एकदम खोल होतो.

आता किल्ल्याचं. खोऱ्याच्या कडेनं पांडवगड, वैराटगड, केंजळगड, कमळगड असे उभेच आहेत, आणि मागं रायरेश्वर, जिथं १६४५ साली शिवाजी महाराजांनी स्वराज्याची शपथ घेतली असं परंपरा सांगते. सगळ्या फॅमिलीला घेऊन यातलं काही करायला जाऊ नका, रुसवेफुगवे होतात. यांना एक सकाळ मोकळी द्या आणि कमळगडाला पाठवा, धोम आणि बलकवडी या दोन जलाशयांच्या मधे तो उभा आहे. तट-बुरुज बघायचे असतील तर निराश होतील, पण वर कातळात खोल चिरलेली एक विहीर आहे, तिला कावेची विहीर म्हणतात, आत पायऱ्या उतरून गेलं की भिंती गेरूनं लालभडक. वाट रानातून आहे, वाटा फुटतात, पायथ्याच्या वाडीतून एक माणूस बरोबर घ्यावा आणि त्याचे पैसे आधीच ठरवावेत. तोवर तुम्ही बाकीच्यांनी वाईच्या बाजारात हळद घ्यायची, इथली हळद नावाजलेली आहे.

तिसऱ्या दिवशी वर. सहा-साडेसहाला पसरणी घाट चढायला लागा, पाचगणीत न थांबता सरळ जुन्या महाबळेश्वरला जा, तिथं पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. दोन दिवस जिच्या काठानं फिरलात ती इथून निघते. आपली भीमाही शेवटी रायचूरच्या बाजूला जाऊन हिलाच मिळते, हे पोरांना नकाशावर दाखवा. तिथून प्रतापगड. किल्ला १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधायला घेतला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला पायथ्याशी खानाचा निकाल लागला. खान वाईतच तळ ठोकून का नाही राहिला, महाराजांनी त्याला जावळीत का ओढलं, हे तुम्हाला घाट उतरताना खिडकीतूनच कळेल. वाईला मोकळं मैदान, घोडदळ पळवता येतं, तोफा ओढता येतात, आणि जावळीत दाट झाडी, एकामागं एक उतार, मोठी फौज असून उपयोग काय? २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात प्रतापगड आहे, त्यामुळं गर्दी वाढणारच, दहाच्या आत पोचा. सासूबाईंना भवानीच्या देवळापर्यंत पायऱ्या चढाव्या लागतील, नाही जमलं तर खाली दुकानापाशी नणंदेबरोबर बसतील. येताना भिलार, पुस्तकांचं गाव, २०१७ पासून घराघरात पुस्तकं ठेवलीत, बसा आणि वाचा. तुम्हाला तिथून उठवावं लागेल. स्ट्रॉबेरीची खरी मजा डिसेंबरनंतर, दिवाळीत फार आशा ठेवू नका.

एकच अट घालतो. लक्ष्मीपूजन आणि पाडवा घरी करा, भाऊबीज झाल्यावर निघा. गर्दी आणि रेट दोन्ही थोडे उतरतात.

प्रश्न : आम्ही पाच मित्र अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला आहोत. जुलैमध्ये बाईकवर वाई, महाबळेश्वर, प्रतापगड, कास असं दोन दिवसात मारायचा प्लॅन आहे. जमेल का?

उत्तर : मारायचा असेल तर जमेल, बघायचा असेल तर नाही. जुलैमध्ये महाबळेश्वरला आपल्या अख्ख्या पावसाळ्यात पडतो तेवढा पाऊस काही दिवसात पडतो, समोरचा हात दिसत नाही एवढं धुकं असतं, प्रतापगडाकडं उतरणाऱ्या आंबेनळी घाटात दरडी कोसळतात आणि रस्ता बंद होतो. सोलापूरच्या सरळ रस्त्यावर चालवायची सवय असलेल्या पोरांनी पहिला घाट असल्या पावसात शिकू नये. आणि कासची फुलं जुलैत नसतातच, ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, त्यासाठी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, रोज ठराविकच लोक सोडतात. कास साताऱ्याच्या वर आहे, वाईच्या खोऱ्यात नाही, दोन्ही एकत्र कोंबू नका. सप्टेंबरच्या अखेरीला जावा, एक मुक्काम वाई, एक सातारा, आणि शनिवार-रविवार सोडून. सुपरवायझरला आत्तापासून मस्का लावायला घ्या.

प्रश्न : पोरांना सुट्टी मेमध्येच असते. सोलापूरच्या उन्हातून सुटका म्हणून वाईला राहिलं तर?

उत्तर : सुटका होणार नाही. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या आसपास, फरक तिथंच आहे. मेमधल्या दुपारी वाईचा घाट पण तापतो, नदीला पाणीही बेताचंच असतं. मेमध्ये पाचगणीला राहा आणि सकाळी सात ते दहा खाली उतरून देवळं, मेणवली करून परत वर पळा. वरती जे मी एवढं खाली राहायचं पुराण लावलंय ते मेसाठी लागू नाही.

प्रश्न : आम्ही दोघंच, मी ७६ वर्षांचा, पत्नी ६८. गाडी नाही, ट्रॅव्हल्सच्या पॅकेजमधली पळापळ सोसत नाही. एसटीनं वाईचं जमेल का? कुठला महिना?

उत्तर : काका, तुमच्यासारखी ट्रिप करायला मला स्वतःला आवडेल. ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट आहे आणि काकूंना निम्मं तिकीट, म्हणजे प्रवासखर्चाची चिंता मिटली. सोलापूरहून साताऱ्याची गाडी धरा, साताऱ्याहून वाईला भरपूर गाड्या असतात. एका दिवसात एवढं बसवत नसेल तर गोंदवल्याला एक मुक्काम करा. रेल्वेच्या नादी लागू नका, वाईला स्टेशन नाही, वाठारला किंवा साताऱ्याला उतरून परत एसटीच. वाईत स्टँडच्या जवळपास साधी खोली घ्या, घाट, मेणवली, धोम हे सगळं रिक्षानं होतं, रिक्षा येऊन-जाऊन ठरवा, तिथं परतीची मिळेलच असं नाही. महिना म्हणाल तर फेब्रुवारी, थंडी ओसरलेली असते आणि ऊन अजून लागत नाही. पौष पौर्णिमेच्या आसपास जाऊ नका, मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते, वाईत पाय ठेवायला जागा नसते, आणि जानेवारीत तसंही आपली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सोडून कुठं जाताय! रंगपंचमीला जवळच्या बावधनला बगाडाची यात्रा असते, ती बघण्यासारखी आहे पण या वयात त्या गर्दीत शिरू नका. आणि आधार कार्ड ओरिजिनल बरोबर ठेवा, मोबाईलमधला फोटो प्रत्येक कंडक्टर चालवून घेईलच असं नाही.