सांडव्यावर गोण्या रचू नका: पाझर तलावाविषयी आलेल्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

पावसाळा तोंडावर आला की पाझर तलाव आणि माती नाला बांधांविषयी विचारणा सुरू होते. यंदा आलेल्यांपैकी चार प्रश्न इथे घेतो. पहिल्या दोन प्रश्नांवर जास्त लिहिले आहे, कारण तिथे पिकाच्या आधी माणसांच्या जिवाचा विचार करावा लागतो.

प्रश्न: तलाव भरला की सांडव्यावरून पाणी वाया जाते. वाळूच्या गोण्या दोन फूट रचल्या तर रब्बीला पाण्याची एक पाळी जास्त मिळेल. रचाव्यात का?

अजिबात रचू नका. हरभऱ्याला एक पाळी मिळाली तर काय फरक पडतो हे मला ठाऊक आहे, तरीही नाही.

सांडव्याची, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेची पातळी आणि भरावाचा, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाचा माथा यांच्यामध्ये मोकळी उंची ठेवलेली असते. ती पुरासाठी असते. समजा तुमच्याकडे ती पाच फूट आहे आणि मोठ्या पावसात सांडव्यावरून तीन फूट जाडीचे पाणी जाते. वर दोन फूट उरतात, ते लाटांसाठी आणि भराव कुठे दबला असेल तर त्यासाठी. दोन फूट गोण्या रचल्यात की तोच पूर थेट माथ्याला टेकतो. आपल्याकडचे कितीतरी पाझर तलाव 1972 च्या दुष्काळी कामांतले आहेत. इतक्या वर्षांत गाड्या, ट्रॅक्टर आणि जनावरे जाऊन माथा मध्येच बशीसारखा खोलगट झालेला असतो. पाणी नेमके तिथून उलटते.

सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी गेले तरी तो सहसा टिकतो, मातीचा भराव टिकत नाही. बाहेरच्या उतारावरून धावणारे पाणी माती कातरत जाते, बघता बघता घळ पडते आणि मग सगळा साठा एकदम खाली येतो. शंभर हेक्टर पाणलोटावर (ज्या भागाचे पाणी तलावात येते तो भाग) 100 मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख घनमीटर पाणी पडते. त्यातले निम्मे जरी वाहून आले तरी ते पाच कोटी लिटर होते. या पाण्याला वाट देणारा सांडवा हा एकच मार्ग आहे. त्यावरून गेलेले पाणी वाया गेले असे कृपा करून म्हणू नका. त्याच वाटेने भराव वाचतो.

सांडव्यातली झुडपे, मासे धरायला लावलेले अडथळे आणि पडलेले दगड मृगाच्या आधी काढा. सांडव्याच्या पुढचा चर नांगरून शेतात घेतला असेल तर तो मोकळा करा. त्यात ऊस उभा असेल तरीही करा.

प्रश्न: भरावाच्या पायथ्याशी पाणी पाझरते. धोका आहे का?

नुसते पाझरण्याने घाबरू नका, पाझर तलाव मुळात पाणी जमिनीत मुरवण्यासाठीच बांधलेला असतो. पाहायचे ते पाण्याच्या रंगाकडे आणि वेगाकडे. बादली लावा, ती किती सेकंदांत भरते ते वहीत लिहा, सोबत तलावाची पातळीही लिहा. दर आठवड्याला हेच करा. पाणी नितळ असेल आणि पातळी तेवढीच असताना वेग वाढत नसेल, तर लक्ष ठेवणे पुरे. वेग वाढू लागला तर तालुक्याच्या जलसंधारण अधिकाऱ्यांना लगेच दाखवा.

पाणी गढूळ येऊ लागले तर भरावाच्या आतली माती वाहून चालली आहे. उकळी फुटल्यासारखे बुडबुडे, बाहेरच्या उतारावर नवी ओल, माथ्यावर लांब भेग किंवा अचानक खड्डा, हीही तशीच लक्षणे आहेत. तेव्हा सकाळची वाट पाहू नका. आधी खालच्या वस्तीला उठवून उंचावर न्या, मग सरपंच, तहसीलदार आणि जिल्ह्याचा आपत्ती कक्ष (1077) यांना कळवा. विमोचक (तलावातले पाणी सोडायचे दार) असेल तर जाणत्या माणसाकडून तो उघडून घ्या. बाहेरच्या बाजूने चिखल थापून भोक बुजवू नका, आतला दाब वाढून पाणी दुसरीकडून फुटते. वाळू, तिच्यावर खडी आणि वर दगड असा थर देतात. त्यातून पाणी जाते आणि माती अडते. पण तो अभियंत्याच्या देखरेखीखालीच द्यावा.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. तेही मातीचे लहान धरणच होते आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. म्हणून सांगतो, तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि उत्तर आले नाही तर पुन्हा जा. 2021 चा धरण सुरक्षा कायदा प्रामुख्याने 15 मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही धरणांसाठी आहे. गावचा तलाव बहुधा त्यात बसत नाही. त्याच्यावर रोज नजर ठेवणारे तुम्हीच आहात.

प्रश्न: तलाव असूनही गेल्या भाद्रपदात ओढ्याला पूर आला. मग तलावाचा उपयोग काय?

पूर अडतो तो तलावातल्या रिकाम्या जागेमुळे. आषाढातला पहिला लोंढा तलाव पोटात घेतो. भाद्रपदात तो काठोकाठ असतो, तेव्हा येणारे बरेचसे पाणी पुढे जाते, फक्त पसरट तलावातून थोडे सावकाश जाते. ओढ्याकाठची सोयाबीन तलावाच्या भरवशावर पेरू नका. तिथे रुंद वरंबा सरीवर (रुंद उंच वाफा आणि बाजूला पाणी निघून जायला सरी) पेरा आणि निचऱ्याचा चर आधी काढा. गाळ काढल्याने रिकामी जागा वाढते, तो जरूर काढा, पण भरावाच्या पायथ्यालगत खोदू नका. तिथली चिकण माती गेली की तळातून गळती लागते.

प्रश्न: मोटारीचा पाइप भरावातून न्यावा का? बांधावरची झाडे तोडावीत का?

पाइपासाठी भराव कापू नका. पाइपाच्या कडेने पाण्याला वाट मिळते, आणि मागाहून भरलेली माती मूळ भरावासारखी कधीच दाबली जात नाही. पाइप माथ्यावरून न्या.

बाभूळ, घाणेरी, निर्गुडी लहान असतानाच कापा. मोठा पिंपळ किंवा उंबर असेल तर जेसीबीने खोड उपटू नका. मुळे कुजली की भरावात पोकळ नळ्या राहतात, म्हणून आधी अभियंत्याला दाखवा. हरळी मात्र राहू द्या, ती उतारावरची माती धरून ठेवते. उंदीर-घुशींची बिळे दिसली तर आत्ताच खणून, ओलसर माती थराथराने ठोकून बुजवा. तलाव भरल्यावर ते काम होत नाही.