आहेराची वही आणि नाताळची यादी

मर्लिन माझ्याकडे सल्ल्याला आली होती. तिने पर्समधून डायरीचं फाडलेलं पान काढलं आणि टेबलावर सरळ करून ठेवलं. तीन रकाने आखलेले. पहिल्यात तेवीस नावं, दुसऱ्यात गेल्या नाताळला कोणी काय दिलं ते, तिसरा कोरा. "ताई, हा तिसरा रकाना भरत नाहीये. रात्री दोन वाजेपर्यंत हेच डोक्यात." नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता.

(नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला तिची परवानगी आहे.)

मरोळच्या गावठाणातलं ईस्ट इंडियन कुटुंब. म्हणजे मुंबई भागातला जुना ख्रिस्ती समाज. समाजाचं हे नाव १८८७ साली घेतलेलं, इंग्रजी, पण माणसं इथली मूळची आणि घरात मराठीचीच एक बोली. नवरा जहाजावर कुक. जूनमध्ये काँट्रॅक्ट संपलं, पुढचं आलंच नाही, सध्या केटररकडे रोजावर जातो. मर्लिन एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर, पगार एकोणीस हजार. चौदा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा, शहात्तर वर्षांच्या सासूबाई. गेल्या डिसेंबरला गिफ्टांवर एकवीस हजार चारशे गेले, सगळे क्रेडिट कार्डावर. नंतर दर महिन्याला 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरत राहिली. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाचे बेचाळीस, हा हिशोब तिला कोणी सांगितलाच नव्हता. ते कार्ड ऑगस्टमध्ये मोकळं झालं आणि आता पुन्हा डिसेंबर.

"हात आखडता आहे, पण नात्यात कमीपणा नको," हे वाक्य माझ्याकडे दरवर्षी या सुमाराला येतं. दिवाळीच्या आधी हिंदू घरांतून, ईदच्या आधी मुसलमान घरांतून, शब्द जवळपास तेच.

पहिल्या भेटीत माझंच चुकलं. मी कागद घेऊन बसले, उत्पन्न वजा खर्च, माणशी दोनशे रुपये, घाऊक घ्यायचं तर क्रॉफर्ड मार्केट, कागद-रिबिनीसाठी अब्दुल रेहमान स्ट्रीट. ती मान डोलावत राहिली आणि पुढचे दोन आठवडे आलीच नाही. हिशोब तिला माझ्यापेक्षा चांगला येतो. एकोणीस हजारांत पाच माणसांचं घर चालवणाऱ्या बाईला मी बजेट शिकवायला निघाले होते!

परत आली तेव्हा मी फक्त दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा कशाला?"

"म्हणजे काय? तेवढ्याच किमतीचं परत द्यायला नको?"

मला एकदम आईची आहेराची वही आठवली. दादाच्या लग्नातली, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. 'कुकर, पाच लिटर.' 'स्टीलचा डबा, लहान.' 'पाकीट, ५१.' कोणाकडे लग्न निघालं की आई आधी वही उघडायची आणि मग दुकानात जायची. मी त्या वहीला हसणार नाही. ज्याच्या घरी कार्य त्याला सगळ्यांनी मिळून उचलून धरायचं, अशी ती एक भिशीच होती. पण भिशी चालते ती सगळ्यांच्या हातात दरमहा पैसा येतोय तोवर. एकाचा पगार थांबला की त्याच्यापुरता तो हप्ता होतो, आणि हप्ता चुकला की माणूस तोंड चुकवायला लागतो. मर्लिनने दोन रविवार चर्चला जायचं टाळलं होतं. हे तिने असंच, जाता जाता सांगितलं.

मी म्हटलं, "ज्यांना द्यावंसं वाटतं, केवळ द्यावं लागतं म्हणून नाही, त्यांच्या नावापुढे टिंब द्या." नऊ टिंबं पडली. उरलेल्या चौदांत दवाखान्यातल्या सहकारी होत्या, ट्यूशनची टीचर, वरच्या मजल्यावरचे लोक. त्यांच्याकडे नाताळच्या फराळाचं, कल्कल-न्यूऱ्यांचं ताट तसंही जाणारच होतं. ताटासोबत वेगळं गिफ्ट द्यायचं कधी सुरू झालं, हे तिलाही आठवेना.

इथे एक अभ्यास सांगायला हवा, कारण मर्लिनचा त्यावर विश्वास बसत नव्हता. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना वेगवेगळं विचारलं. साखरपुड्याच्या अंगठीपासून वाढदिवसाच्या भेटीपर्यंत, देणाऱ्याला वाटत होतं की जितकं महाग तितकं समोरच्याला आवडणार. घेणाऱ्यांच्या आवडण्याचा किमतीशी तसा संबंध दिसला नाही. "ते अमेरिकेत," मर्लिन म्हणाली. "सासूबाईंच्या कपाटात जाऊन बघा," मी म्हटलं. पुढच्या वेळी हसत आली. गेल्या चार नाताळांचे चार गाऊन, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मग तिला एक काम दिलं: दोन आठवडे काही विकत घ्यायचं नाही, फक्त त्या नऊ जणांची कुरकुर लिहून ठेवायची. माणसं काय हवंय ते सांगत नाहीत, पण कुरकुरतात रोज. भाऊ म्हणायचा, चार्जरची वायर तुटते. चुलत जाऊ म्हणायची, ममाच्या हातची खुडी (आमच्याकडचं एक कालवण) आता कोणाला जमत नाही. आणि सासूबाई: "ह्या मोबाइलात नंबर दिसत नाय, कोणाला फोन करू?"

"मग सगळ्यांना घरीच काहीतरी करून देते," मर्लिन उत्साहाने म्हणाली. मी हात जोडले. 'हाताने केलेलं' हे फुकट नसतं. सकाळी आठची बस, संध्याकाळी साडेसातला घर, त्यात नऊ बरण्या, नऊ क्रोशाचे रुमाल? अशा बायका मला २६ डिसेंबरला तापाने फणफणलेल्या भेटतात. आधीच असलेलं द्या, असं ठरलं. घरात मे महिन्यात गच्चीवर वाळवून कुटलेला बॉटल मसाला, म्हणजे ईस्ट इंडियन घरांत बाटल्यांत भरून ठेवतात तो मसाला, होता. जावेला त्यातला पाव किलो, आणि सासूबाईंना विचारून लिहिलेली खुडीची कृती, "अंदाजाने घाल" या त्यांच्या शब्दांसकट. भावाला चांगली वायर, दोनशे चाळीसला.

मुलांची गोष्ट तिला सगळ्यात जड जात होती. मुलाला रिमोटची गाडी हवी होती, अठराशेची. "गरीब झालो" असं मुलांना सांगू नका, आणि "सांताला विचारते" म्हणून टोलवूही नका, एवढंच मी म्हटलं. आकडा सांगितला तर मुलं समजून घेतात. तिने रात्री जेवताना सांगितलं. तेव्हा मुलगी शांतपणे म्हणाली, "ममा, कार्डाचं बिल मी जुलैमध्येच पाहिलं होतं." मग तिनेच सुचवलं की घरातल्या मोठ्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या, एकाने एकालाच द्यायचं, तीनशेच्या वर नाही. गाडीचं मात्र तिच्या बाबाने काढलं. ६ जानेवारीला तीन राजांचा सण असतो. सोने, ऊद आणि गंधरस घेऊन आलेल्यांचा. स्पेनमध्ये मुलांना भेटी मिळण्याचा मोठा दिवस तोच, जहाजावरच्या स्पॅनिश दोस्ताने त्याला सांगितलं होतं. केटररचे पैसे ३१ ला मिळणार होते. गाडी सहा तारखेला, रोख. मुलगा एक दिवस रुसला. रुसू द्यावं.

राहिली कुवेतची नणंद. दरवर्षी तीन बॅगा भरून येते आणि दुसऱ्या रकान्यात तिचीच ओळ सगळ्यात लांब. ग्रुपवर मेसेज टाकू नका, फोन करा, असं मी सुचवलं. वाक्य आम्ही दोघींनी मिळून बसवलं, चार वेळा बदललं: "बाय, यंदा आमची जरा ओढाताण आहे. मोठ्यांनी एकमेकांना काही घ्यायचं नाही असं करूया का? मुलांपुरतं ठेवू." माफी नाही, रडगाणं नाही, आणि मुख्य म्हणजे नोव्हेंबरात. २३ डिसेंबरला सांगितलं तर समोरच्याची खरेदी झालेली असते, मग तो निरोप ओरखड्यासारखा लागतो.

नणंद "बरं बरं" म्हणाली. आणि तरीही अत्तराची बाटली घेऊन आली.

मर्लिनने मला त्याच रात्री फोन केला, बाथरूममधून, हळू आवाजात. "ताई, आता? माझ्याकडे तिच्यासाठी काहीच नाही. बांद्र्याला हिल रोडची दुकानं उघडी असतील अजून." मी विचारलं, तिने दिलं तेव्हा तोंडावर कसं होतं? थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाली, "खूश होती." "मग वापरा. उद्या चर्चमध्ये मिसाला लावून जा." रिकाम्या हाताने घ्यायला तिला जमत नव्हतं. देण्यापेक्षा ते अवघड असतं, विशेषतः आपल्याकडच्या बायकांना. मी तिला ते शिकवलं असं म्हणणार नाही. ती त्या रात्री बांद्र्याला गेली नाही, एवढंच.

चुकलंही एक. पुतण्या सतरा वर्षांचा. त्याला मोजे दिले, कारण त्याची आई मोज्यांवरून कुरकुरत होती. कुरकुर त्याची नव्हती. त्याने "थँक्यू काकी" म्हणून पाकीट खुर्चीवरच सोडलं.

जानेवारीत मर्लिन शेवटची आली तेव्हा सासूबाईंचं विचारलं. नातीने चाळीस रुपयांच्या वहीत, एका पानावर एकच, असे अकरा नंबर काळ्या स्केचपेनने लिहून दिले होते. बोटाएवढे आकडे, वर नाव, कोपऱ्यात त्या माणसाचं काहीतरी चित्र. उत्तनच्या बहिणीच्या पानावर मासा, गोराईच्या भाच्याच्या पानावर होडी. म्हातारीने नाताळच्या दुपारी जेवण झाल्याझाल्या वही मांडीवर घेतली आणि ओळीने अकराही जणांना फोन लावले. दहा जण बोलले. वसईच्या विहिणीने उचलला नाही, तर सासूबाई अजून रोज तिला दुपारी तीनला फोन लावतायत आणि नातीला विचारतायत की आकडा नीट लिहिलास ना गं.