बाराशे शब्द पाठ केले, तरी कॉलवर काही कळत नाही

भांडुपहून एका मुलीचं पत्र आलंय. नाव देऊ नका म्हणालीय म्हणून देत नाही. पत्र बरंच मोठं आहे, त्यातलं कामापुरतं इथे टाकते:

"नमस्कार मॅडम, माझं दहावीपर्यंत मराठी मीडियम. बीकॉम करून आता फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्सला लागलेय. ॲपवरून 1200 ॲडव्हान्स्ड शब्द पाठ केलेत, ग्रामरच्या ऑनलाइन टेस्टमध्ये 20 पैकी 17-18 पडतात. पण कॉलवर बाहेरचे क्लायंट बोलायला लागले की अर्धं डोक्यावरून जातं. परवा एकजण म्हणाला 'लेट्स पार्क धिस' आणि मला वाटलं गाडीचं काहीतरी चाललंय. पुढच्या वर्षी एमबीएच्या प्रवेशासाठी कॅट द्यायचीय, तर पॅसेज वाचताना शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. जमलं तर बाहेरही शिकायला जायचंय, मग आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आत्ताच देऊन टाकू का? दादरला ॲडव्हान्स्ड इंग्लिशचा क्लास आहे, तीन महिन्यांचे 25 हजार, शनिवारपर्यंत भरले तर डिस्काउंट. बाबा म्हणतात तू ठरव, पैशाचं बघू. काय करू?"

अगं पहिलं म्हणजे मॅडम नको, ताई म्हण.

आता तो 'पार्क' बघ. 'पार्क' हा शब्द तुला शाळेपासून येतो ना? तुझ्या त्या 1200 शब्दांत तो नसणारच, कारण अवघड शब्दांच्या यादीत 'पार्क' कोण टाकेल. त्या माणसाला एवढंच म्हणायचं होतं की हा विषय आत्ता बाजूला ठेवू, नंतर बघू. म्हणजे तू अडलीस ती अवघड शब्दावर नाही, तुला येणाऱ्याच शब्दावर अडलीस. ॲडव्हान्स्ड इंग्लिश म्हणजे मोठाले शब्द असं आपल्याकडे कोणी डोक्यात भरवून ठेवलंय कळत नाही. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड बाईंनी 2000 साली कॉलेजच्या पुस्तकांत सारखे सारखे येणारे शब्द काढून एक यादी केली, अकॅडमिक वर्ड लिस्ट म्हणतात तिला, त्यात 570 शब्दकुळं आहेत, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याच्यापासून झालेले शब्द मिळून एक कूळ. उघडून बघ, अप्रोच, अझ्यूम, डिराइव्ह, सिग्निफिकंट असलेच साधे दिसणारे शब्द. ते ॲप तेवढं बंद कर.

माझीच गंमत सांगते. मी पण गिरगावातल्या मराठी शाळेची. पहिली नोकरी नरिमन पॉइंटला, कुठली ते सोड. एका अमेरिकन क्लायंटचा फोन मी घेतला, तो म्हणाला पेमेंट शुक्रवारच्या आधी 'कान्ट रिलीज', मी ऐकलं 'कॅन रिलीज', धावत जाऊन साहेबांना सांगितलं, साहेबांनी पुढच्या पार्टीला शब्द देऊन टाकला. मग जे काय झालं ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. खूप वर्षांनी कळलं की चूक नेमकी कुठे होती. बोलण्याच्या ओघात ते लोक 'कॅन' कधी 'कॅन' असा म्हणतच नाहीत, 'क्न' असं काहीतरी गिळून टाकतात. आणि 'कान्ट' अमेरिकन माणूस म्हणतो तेव्हा 'कॅन' अगदी स्वच्छ, वर जोर देऊन, फक्त शेवटचा ट जेमतेम. म्हणजे मला जो स्वच्छ 'कॅन' ऐकू आला तोच नकार होता!

आपण मराठीत अक्षरांना साधारण सारखा वेळ देतो, त्यामुळे आपला कान इंग्रजीतही प्रत्येक शब्द सुटा सुटा यायची वाट बघत बसतो आणि तिकडे ऑफ, टू, अँड, हॅव ही सगळी मंडळी चेंगरून निघून जातात, चर्चगेट फास्टला दादरहून चढल्यासारखी. शब्द येतोय पण कानाला ओळखू येत नाही हा तुझा खरा आजार आहे, आणि शब्दांचं ॲप, ग्रामरचं एमसीक्यू यातलं काहीही त्याच्यावर चालत नाही.

मग काय करायचं. मी मुलांना एकच सांगते, व्होकॅब वेगळं, ग्रामर वेगळं, लिसनिंग वेगळं असे तीन डबे करू नका. एकच मजकूर घ्या आणि आठवडाभर त्यालाच पिळा. तुझ्यासाठी तर तो मजकूर ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर तयार होतो. रिझर्व्ह बँक गं! दर दोनेक महिन्यांनी पतधोरण जाहीर होतं तेव्हा गव्हर्नर जे निवेदन वाचतात त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर असतो आणि तेच निवेदन लेखी स्वरूपात रिझर्व्ह बँकेच्या साइटवर असतं. फुकट. विषय तुझ्या बीकॉमचा, त्यामुळे रेपो रेट (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर) म्हणजे काय इथपासून सुरुवात नाही. आणि भाषा खरोखर वरच्या लेव्हलची.

त्यातली पहिली पाच मिनिटंच घे, सगळं नको. सोमवारी लोकलमध्ये कानात घालून नुसतं ऐक, कागद बघायचा नाही, सबटायटल बंद. सकाळच्या लेडीज डब्यात वाचायला हात हलत नाही पण कान तर मोकळे असतात. कळेल तेवढं कळेल. रात्री घरी त्यातली चाळीस सेकंद घे, थांबवत थांबवत वहीत जसंच्या तसं उतरवून काढ, मग लेखी कागदाशी ताडून बघ आणि जिथे गाळलंस किंवा भलतंच लिहिलंस तिथे लाल पेनाने खूण कर. ही लाल खूण फार मोलाची आहे, कारण दोन प्रकारच्या खुणा निघतात. काही शब्द तुला माहीतच नव्हते, ते ठीक आहे. पण बहुतेक खुणा निघतील माहीत असलेल्या शब्दांवर, आणि ते शब्द तू त्याच जागी पाच-सात वेळा परत ऐकायचेस, कान तयार होईपर्यंत. गव्हर्नर सावकाश वाचतात, क्लायंट नाही वाचणार, म्हणून दोन महिन्यांनी हेच सगळं कुठल्या तरी मुलाखतीवर करायचं. बीबीसीचा सिक्स मिनिट इंग्लिश पण चांगला, सोबत लेखी मजकूर मिळतो. लेखी मजकूर नसलेलं काही ऐकून टाइमपास होतो, सुधारणा कळत नाही.

शब्दांचं याच कागदातून करायचं. 2022 पासून दोनेक वर्षं या निवेदनांत एक वाक्प्रयोग सारखा यायचा, 'विथड्रॉअल ऑफ अकॉमोडेशन'. तुझ्या ॲपमध्ये अकॉमोडेशन म्हणजे राहण्याची सोय. मग काय, रिझर्व्ह बँक लोकांना खोल्या खाली करायला सांगतेय का? कोविडमध्ये रेपो रेट 4 टक्क्यांवर आणून पैसा स्वस्त आणि मुबलक ठेवला होता, ती सवलत हळूहळू काढून घेणं म्हणजे हे विथड्रॉअल. असा शब्द एकदा त्याच्या घरी जाऊन भेटलीस की जन्मात विसरत नाहीस.

आणि शब्द एकटा लिहायचा नाही, त्याची संगत लिहायची. मराठीत बघ, चहा कडक, ऊन रणरणतं, पाऊस मुसळधार. कडक पाऊस म्हटलं तर तुझी आजी हसेल. महागाई भडकते आणि आटोक्यात येते. तशी इन्फ्लेशन काय काय करते ते त्या कागदात शोध, ती ईझ होते, मॉडरेट होते (म्हणजे उतरते), कधी स्टिकी असते (लवकर उतरत नाही). वहीत 'इन्फ्लेशन' असं लिहून समोर महागाई लिहिलंस तर शून्य मार्क, ही अख्खी वरात लिही. आठवड्याला दहा-बारा बास झाले. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने पान उलटून बघायचं, अर्थ झाकून. ठेवून ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलंय, ॲपवाले तेच विकतात.

ग्रामरमध्ये 20 पैकी 18, छान, पण चार पर्याय समोर असताना. तू पत्रात मध्येच इंग्रजीत दोन ओळी लिहिल्यास त्यात 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स एट मंथ्स' असं आहे. टेस्टमध्ये हाच प्रश्न आला असता तर बरोबर टिक केली असतीस, खरं की नाही? लिहिताना मात्र मराठी आतून ढकलते, 'मी आठ महिने इथे काम करतेय', वर्तमानकाळ, म्हणून 'आय ॲम वर्किंग'. तिथे हवं 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर एट मंथ्स'. तेव्हा नियम परत वाचू नकोस, स्वतःच्या चुकांची एक वही कर आणि शेजारी ती चूक मराठीतल्या कुठल्या वाक्यातून आली ते लिही. 'अ' आणि 'द'चं सुद्धा मराठीतून सुटतं बरंचसं. 'काल एक बाई आली होती, बाई म्हणाली...' पहिल्या वेळी आपण 'एक' म्हणतो तिथे 'अ', दुसऱ्यांदा ती ओळखीची झाली, तिथे 'द'. सगळीकडे नाही चालत हे, पण निम्मी लढाई होते.

मला सगळ्यात आवडतो तो आपला 'च'. 'मी त्यालाच सांगितलं' याचं आपण सर्रास 'आय टोल्ड हिम ओन्ली' करतो, मुंबईत तर बोर्डरूमपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे करतात, आपसात चालतं, बाहेरच्याला कळत नाही. इंग्रजीकडे 'च' नाहीये, मग ते काय करतात, अख्ख्या वाक्याची मांडणी फिरवतात: 'इट वॉज हिम आय टोल्ड'. 'मला पैसेच हवेत' म्हणजे 'व्हॉट आय वाँट इज मनी'. याला क्लेफ्ट सेंटेन्स म्हणतात आणि ॲडव्हान्स्डच्या पुस्तकात तो मागच्या प्रकरणांत येतो, पोरं घाबरतात. अगं घाबरायचं काय, आपण दिवसातून शंभर वेळा 'च' म्हणतो. तसंच 'म्हणे'. 'तो दुबईला गेला म्हणे', इथे इंग्रजीत एक 'अपॅरंटली' टाकला की झालं. मराठी पक्की असणं ही तुझी अडचण नाही, उलट तुझ्याकडे तुलना करायला एक आख्खी भाषा आहे, कॉन्व्हेंटच्या कितीतरी मुलांकडे धड एकही नसते (हे जरा जास्त बोलले, पण राहू दे).

आता कॅट. त्यात लिसनिंग नाही, हे तुला माहीत असेलच. व्हीएआरसीला, म्हणजे त्यातल्या इंग्रजीच्या भागाला, गेली काही वर्षं 24 प्रश्न आणि 40 मिनिटं, त्यातले 16 प्रश्न साधारण पॅसेजवर. तू सुरुवात विसरतेस कारण तू प्रत्येक वाक्य सारख्याच गांभीर्याने वाचतेस. परिच्छेद संपला की पेन्सिलने समासात चार शब्द मराठीत लिहायचे, हा माणूस इथे काय करतोय: 'जुनं मत सांगतोय', 'आता खोडतोय', 'उदाहरण', 'पण एक अडचण'. परीक्षेत पॅसेज स्क्रीनवर असतो, तिथे रफ कागदावर लिही. हाउएव्हर, येट, नॉनदलेस दिसलं की थांब, लेखकाचं खरं म्हणणं बहुधा तिथून पुढे सुरू होतं. पाच ओळींचं वाक्य आलं तर आधी मुख्य क्रियापद शोध, मग कर्ता, बाकी सगळे पाहुणे. आणि रोज पॅसेज सोडवत बसू नकोस गं, वाच. सकाळी लोकसत्तात पतधोरणाची बातमी वाच आणि मग त्याच विषयावरचा इंडियन एक्सप्रेसचा अग्रलेख. मराठीत विषय आधीच डोक्यात असला की इंग्रजीत फक्त भाषेशी झुंजावं लागतं. पानाला पाच-सहापेक्षा जास्त अनोळखी शब्द लागत असतील तर ते लिखाण सध्या सोड, त्यात अर्थ लागत नाही नि मूडही जातो. संध्याकाळी परतताना चौथी सीट मिळाली तरी दहा मिनिटं वाचून होतं. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे, ऑफिस सुटल्यावर एकदा जाऊन चौकशी करून ये, घरी मुलं दंगा करत असतील तर अशा जागेची किंमत कळते.

आयईएलटीएस आत्ता मुळीच देऊ नकोस. स्कोअर दोन वर्षंच धरतात, आणि तुझं अजून कॅट की बाहेर हेच ठरलेलं नाही. देशील तेव्हा लक्षात ठेव, तिथे ऑडिओ एकदाच ऐकवतात, 40 प्रश्न. वरचं लाल पेनाचं काम तेव्हा उपयोगाला येईल.

राहिला क्लास. 25 हजार ही बाबांच्या खिशाला मोठी रक्कम आहे हे तुझ्या पत्रातूनच कळतंय. क्लास वाईटच असतो असं मी म्हणत नाही. एक गोष्ट घरी बसून होत नाही, ती म्हणजे आपलं लिहिलेलं-बोललेलं कोणीतरी जाणत्याने तपासणं. पैसे द्यायचे तर त्याचे. म्हणून त्यांना जाऊन विचार की बॅचमध्ये किती जण, माझा निबंध दर आठवड्याला कोण तपासणार, तपासलेला एखादा जुना निबंध दाखवा. चाळीस जणांची बॅच आणि झेरॉक्स केलेल्या शब्दांच्या याद्या असतील तर नमस्कार करून बाहेर पड. शनिवारच्या डिस्काउंटला भुलू नकोस, तो पुढच्या शनिवारी पण असतो. डेमो लेक्चर बसून बघितल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही, असं बाबांनाही सांग. मला विचारशील तर आधी दोन महिने हे वरचं कर, मग त्या 25 हजारांतले चार-पाच हजार एखाद्या निवृत्त इंग्रजीच्या शिक्षकांना दे, आठवड्यातून एकदा तासभर फक्त तुझ्या चुका काढायला.

आणि एक राहिलंच. दर शुक्रवारी त्या आठवड्याचा मजकूर कागद न बघता दोन मिनिटं स्वतःच्या शब्दांत इंग्रजीत बोलून फोनवर रेकॉर्ड कर, फाइलला तारीख दे, आणि लगेच ऐकू नकोस, लाज वाटून डिलीट करशील. आठ फाइली झाल्या की पहिली आणि आठवी मला पाठव, कॅटचं काय ते तेव्हा बोलू.