माळ्यावरची सायकल : आधी ब्रेक, रंग शेवटी

पाऊस ओसरला आणि दिवाळीची आवराआवर झाली की जिन्याखालच्या, माळ्यावरच्या, गच्चीतल्या टाकीमागच्या सायकली बाहेर निघतात आणि ‘हिचं काय करू?’ असं विचारणारे प्रश्न माझ्याकडे यायला लागतात. यंदा त्यांत जुन्या माउंटन बाइक जास्त आहेत. जाड टायर, २६ इंची चाकं, जड स्टीलचा सांगाडा. आपल्याकडे कंपनी कोणतीही असो, तिला सरसकट ‘रेंजर’ म्हणतात. या सायकलींवर माझा जीव आहे. त्यांतल्या बऱ्याच थोड्या पैशांत पुन्हा रस्त्यावर येऊ शकतात, फक्त ते पैसे योग्य क्रमाने खर्च व्हायला हवेत.

२००४ साली घेतलेली १८ गिअरची स्टीलची सायकल आठ वर्षं पडून आहे. दुकानदार म्हणतात, यात पैसे घालू नका, नवीन घ्या. माझ्याकडे ३००० रुपये आहेत. सुरुवात कुठून करू? (सिडको)

दुकानदाराचं बरोबर आहे की नाही, हे तुम्हाला घरीच तासाभरात कळेल. सायकल बादलीभर पाण्याने आणि फडक्याने धुऊन काढा. सर्व्हिसिंग सेंटरमधल्या जोराच्या फवाऱ्याखाली धरू नका, ते पाणी थेट बेअरिंगमध्ये शिरतं. मग ती उलटी करून उजेडात फ्रेम बघा. हँडलखालच्या नळीला तिरपी नळी जिथे जोडली आहे तो सांधा, क्रँकच्या (पायडल जिला जोडलेलं असतं त्या दांडीच्या) नळीचा तळ आणि मागचं चाक जिथे अडकतं ती दोन टोकं, या जागा बोट फिरवून तपासा. रंगाखाली फुगे आले असतील तर खरवडा. लाल भुकटी निघून खाली घट्ट धातू लागला तर तो वरवरचा गंज आहे, त्याची काळजी नको. पेचकसाचं टोक आत रुतलं, किंवा सांध्याला आडवी, केसासारखी गंजाची रेघ दिसली, तर ती फ्रेम वापरू नका. तशा जागी वेल्डिंगचा टाका मारून पोराबाळांना त्या सायकलवर बसवू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी तपासणी दोऱ्याची. मागच्या चाकाच्या एका टोकाला दोरा बांधा, तो पुढे हँडलच्या नळीभोवती फिरवून दुसऱ्या टोकाला ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. बोटभर फरक निघाला तर फ्रेम वाकलेली आहे. चिमटा, म्हणजे पुढचं चाक दोन पायांत धरणारा भाग, बाजूने बघा. त्याचे पाय मागे दबलेले दिसले तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर चाकं. आठ वर्षांत ग्रीसचं मेण झालेलं असतं. दोन्ही हब (चाकाचे मधले तुंबे) उघडा, जुने छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) मोजून काढा आणि सगळे नवे घाला. अशा सायकलींत बहुतेक वेळा पुढे ३/१६ इंची छर्रे असतात, दर बाजूला १०, आणि मागे १/४ इंची, दर बाजूला ९. तरी आपला एक छर्रा नमुना म्हणून दुकानात न्या. जुन्यांत नवे मिसळू नका, झिजलेल्या आणि न झिजलेल्या छर्ऱ्यांवर भार सारखा पडत नाही. कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटावर) खड्डे पडले असतील तर कोन बदला, तो स्वस्त असतो. हबच्या आतल्या वाटीतच खड्डे असतील तर मात्र ते चाक गेलं समजा.

पैशांचा क्रम असा ठेवा: ब्रेकचे गुटके आणि केबल, मग टायर-ट्यूब, मग छर्रे आणि ग्रीस, मग चेन. ३००० मध्ये हे सगळं बसवता येतं, मात्र कामाचा मोठा भाग तुम्ही घरी केला पाहिजे. रंग, नवी सीट, चकचकीत ग्रिप यांवर आत्ता एक रुपयाही नको. फ्रेम चांगली आणि दोन्ही रिम सरळ असतील तर ही सायकल जरूर वाचवा. रिम, चिमटा आणि क्रँक तिन्ही गेलेले असतील तर दुकानदाराचं म्हणणं खरं आहे, थांबा. त्या पैशांत एखादी बरी जुनी सायकल शोधा.

टायरवर २६ लिहिलंय, माझी रिमही २६ ची. तरी नवा टायर सैल पडतो आणि हवा भरली की बाहेर येतो. (नाशिक रोड)

तुम्ही बहुधा २६ × १ ३/८ असा अपूर्णांकात लिहिलेला टायर आणलात. तो साध्या सायकलचा. माउंटन बाइकचा टायर दशांशात असतो, २६ × १.९५ किंवा २६ × २.१०. दोन्हीकडे ‘२६’ असलं तरी रिमवर बसणारी कड वेगळी. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत मिलिमीटरमधला आकडा असतो, उदाहरणार्थ ५०-५५९. यातला ५५९ हा तुमचा. १ ३/८ च्या टायरवर ५९० असतं, म्हणजे व्यास ३१ मिलिमीटरने मोठा. तो कधीच बसणार नाही, परत करून या. यापुढे दुकानात ‘२६ चा द्या’ म्हणू नका, ‘५५९ चा’ म्हणा.

शहरात चालवायची असेल तर मधोमध सपाट पट्टी आणि कडेला नक्षी असलेला टायर घ्या. डांबरावर खडबडीत टायरने दम निघतो. हवा ४० पीएसआयच्या आसपास ठेवा आणि ती हातपंपानेच भरा. पेट्रोल पंपावरच्या मशीनने ट्यूब डोळ्यांदेखत फुटते.

आजोबांनी दिलेली सायकल आहे. सीटचा दांडा जाम झालाय आणि डावं पायडल उघडत नाही. पाना वाकला, पण ते हललं नाही. (पंचवटी, महाविद्यालयीन विद्यार्थी)

पायडलचं आधी सांगतो, कारण तू बहुतेक ते आणखी आवळत आहेस. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपी रीत आहे: सायकलच्या ज्या बाजूचं पायडल काढायचं त्या बाजूला उभा राहा, पाना पायडलपासून सरळ वर उभा धर आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकल. डावं असो की उजवं, याच दिशेने सुटतं. इतके दिवस उलट जोर लागला असेल तर आधी तेल सोडून रात्रभर ठेव. पान्याच्या दांड्यावर दीडेक फुटाचा पाइप चढवला की जोर वाढतो. क्रँकच्या नळीतला उजवा कपही (छर्रे बसतात ती वाटी) असाच उलट्या आट्यांचा असतो. तिथेही पुष्कळ लोक फसतात आणि आटेच खाऊन टाकतात.

आता सीटचा दांडा. हे जुन्या सायकलचं सगळ्यात चिवट दुखणं आहे. दांडा ॲल्युमिनियमचा आणि फ्रेम स्टीलची असेल तर दोघांच्या मध्ये पाणी आणि घाम शिरून ॲल्युमिनियमवर पांढरी खपली धरते. ही खपली मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे दांडा आतून आवळला जातो. वरून हातोडी मारू नकोस. गॅसची ज्योतही लावू नकोस, कारण तापवल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं आणि पकड आणखी घट्ट होते.

सीटची पकड ढिली करून काढ. सायकल उलटी कर, क्रँकची धुरी काढ आणि सीटच्या नळीत खालून गंज सोडवणारं तेल ओत. रोज थोडं, चार-पाच दिवस. शक्य असेल तर वरच्या फटीतूनही सोड. मग जोर लावायची दिशा बदल: दांडा फ्रेमला धरून फिरवण्याऐवजी दांड्याचं वरचं टोक टेबलाला पक्क्या बसवलेल्या मोठ्या व्हाइसमध्ये आवळ आणि अख्खी फ्रेम दोन्ही हातांनी फिरव. फ्रेमच तुझ्या पान्याचा लांब दांडा होते. पहिल्यांदा कर्र असा आवाज आला की समज, खपली सुटली. मग ओढू नकोस, थोडं इकडे-थोडं तिकडे करत, मध्ये तेल सोडत वर काढ. घरी व्हाइस नसेल तर सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही लहान वर्कशॉपमध्ये असतो. हातात सायकल घेऊन नीट विचारलंस तर नाही म्हणणारा फिटर मला तरी अजून भेटलेला नाही. दांडा निघाल्यावर नळी आतून पॉलिश पेपरने साफ कर, दांड्याला ग्रीस लाव आणि वर्षातून दोनदा तो काढून पुन्हा घाल.

आजोबांची सायकल आहे म्हणून एक विनंती. त्यांचा जुना स्टिकर किंवा नाव घातलेली पट्टी असेल तर घासताना वाचव.

मुलगी दहावीत आहे, क्लासला जुन्या सायकलने जाते. ब्रेक दाबला की लिव्हर हँडलला टेकते, पावसात तर थांबतच नाही. डिस्क ब्रेक बसवून मिळतील का? (देवळाली कॅम्प)

ताई, डिस्क नको. तुमच्या फ्रेमला आणि चिमट्याला डिस्कसाठी जागाच नाही. कुणी पट्टी वेल्ड करून देतो म्हणाला तरी करू नका. डिस्कचा सगळा जोर चिमट्याच्या एका पायावर येतो आणि जुना चिमटा तो सोसायला बनवलेला नाही. दोन लांब पातींचा नेहमीचा व्ही-ब्रेक नीट बसवला तर शहराला पुरून उरतो.

आजच करायचं काम असं. दोन्ही ब्रेकच्या केबल, आतली तार आणि बाहेरचं नळकांडं, नवीन घाला. दुकानदाराला सांगा, ब्रेकचंच द्या. गिअरच्या केबलचं कव्हर सरळ तारांचं असतं, ते ब्रेकच्या ताणाने फाटू शकतं. ब्रेकच्या कव्हरची तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. गुटके नवे घ्या आणि ते रिमवर पूर्ण बसतात ना, टायरला घासत नाहीत ना, हे बघा. गुटक्याचं पुढचं टोक रिमला किंचित आधी टेकलं पाहिजे, म्हणजे किंचाळणंही थांबतं. लिव्हर मात्र व्ही-ब्रेकची हवी. जुन्या पद्धतीच्या ब्रेकची लिव्हर केबल कमी ओढते, मग कितीही आवळलं तरी ती हँडलला टेकते.

आणि रिम बघा. ती चकचकीत लोखंडी असेल तर ओल्या पावसात तिच्यावर रबर पकडतच नाही, हा तिचा जन्मदोष आहे. अशा वेळी निदान पुढचं चाक ॲल्युमिनियम रिमचं करून घ्या. या सगळ्या पानात मोठ्या खर्चाची शिफारस मी एवढी एकच करतो आहे, आणि मुलगी रहदारीतून जाते म्हणून करतो आहे. हे होईपर्यंत पावसात तिला सायकल देऊ नका.

नवी चेन टाकली, तरी चढावर जोर लावला की चेन उडी मारते. आधी असं होत नव्हतं. (ओझर, सेवानिवृत्त)

काका, चेनचा दोष नाही. जुनी चेन झिजून लांब झाली आणि मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दात्यांची चकती) तिच्याबरोबरच झिजलं. दोघं एकमेकांना सरावलेली होती. नव्या चेनचं माप बरोबर आहे, म्हणून ती झिजलेल्या दात्यांवर चढून घसरते. आता फ्रीव्हील बदला.

पुढच्या वेळी हा खर्च टाळता येईल. स्टीलची पट्टी घ्या. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, २४ कड्यांनंतरची पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती १/१६ इंच पुढे गेली की चेन बदला, फ्रीव्हील वाचतं. १/८ इंच पुढे गेली तर दोन्ही बदलावी लागतात. फ्रीव्हील काढायला त्याच्या खाचांत बसणारा खास पाना लागतो. छिन्नीने ठोकून काढू देऊ नका.

पावडर कोटिंग करून घ्यावं का? (इंदिरानगर)

सायकल सहा महिने नियमित चालवलीत तर करा. देताना फ्रेम पूर्ण मोकळी द्या, हँडलच्या वाट्यासुद्धा काढून, आणि आटे झाकायला सांगा. नाहीतर क्रँकचा कप परत बसणार नाही. शॉकचा चिमटा कधीच देऊ नका, भट्टीचं तापमान २०० अंशांच्या आसपास जातं आणि आतलं रबर, सील सगळं वितळतं.

माझी रेंजर बिनगिअरची आहे. मित्रांबरोबर त्र्यंबकला जायचंय, पण अंजनेरीच्या अलीकडेच पाय भरून येतात. गिअर बसवता येतील का? (गंगापूर रोड)

बसवता येतात, पण मागचं चाक, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका), चेन, केबल असं करत सायकलच्या किमतीएवढा खर्च होतो. शिवाय तुमच्या फ्रेमच्या मागच्या टोकांमध्ये गिअरच्या चाकाला पुरेशी रुंदी बहुधा नाही. त्यापेक्षा दाते मोजा. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५ मीटर जाते. १८ गिअरच्या सायकलला पुढे सगळ्यात लहान २८ आणि मागे सगळ्यात मोठं २८ असेल, तर चढावर हेच अंतर जेमतेम २ मीटर होतं. मित्र बसल्या बसल्या चढतात त्याचं कारण हे आहे, तुमचे पाय कमजोर नाहीत.

मागचं फ्रीव्हील २२ दात्यांचं घ्या. एका फेऱ्यातलं अंतर ४ मीटरच्या थोडं वर येईल, म्हणजे चढ जवळजवळ पाचव्या हिश्शाने हलका. सपाटीला, सातपूरच्या रस्त्यावर, पाय थोडे जास्त फिरतील, पण ते चालतं. चार दाते वाढले की चेन इंचभर जास्त लागते. मागच्या खाचेत चाक अर्धा इंच पुढे सरकवायला जागा असेल तर जुनीच चेन पुरेल. आधी तेवढं मोजा आणि मगच दुकानात जा.